नागुबाईची सागवानी खोली

“बाई, तुमच्या मायला आत तरी बसवा, न्हाईतर दुसरीकडं तरी न्या. सकाळधरून माझ्या हातावर नजर ठेवून राहिल्या,” महादेवप्पा मिस्त्री रंधा थांबवून म्हणाला.

“आत ती यायची न्हाई,” मी म्हणाले. “अन् दुसरीकडं तर मुळीच जायची न्हाई.”

माझी आई नागुबाई उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली होती. एरवी दिवसभर गुडघ्यांच्या नावाने कण्हते. पण कुणाचं काम बघायचं म्हटलं की ते दुखणं कुठे जातं कोण जाणे.

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. नव्या कचेरीत कारकून हवे होते, म्हणून मी नांदेडहून बदली मागून आले आणि हे दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं. बाहेरच्या खोलीची माती उकरून शहाबादी फरशी बसवायची ठरली, तोवर गल्लीतला हापसा कोरडा पडला. आठवड्यातून दोनदा टँकर. “पानी आना, मंग फरशी,” म्हणून गवंड्याने हात वर केले. शेजारच्या रुद्राणीबाई म्हणाल्या, थांबा वर्षभर. मी थांबणारी बाई नाही. लाकडाला पाणी लागत नाही, तेव्हा मी किनवटचं सागवान आणायचं ठरवलं. कचेरीत सगळे हसले. कारकुनीण बाई साहेबाच्या बंगल्यासारखी जमीन करून राहिली म्हणे!

खरं सांगायचं तर पाणी हे निमित्त होतं. आई बावीस वर्षं बिलोलीकडच्या एका डाकबंगल्यात कामाला होती. तिथल्या सागवानी जमिनीला जवसाचं तेल आणि मेण चोळायचं, हे तिचं काम. खानसाम्याचा नियम असा, की पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दारातून बाहेर पडायचं. तेल लागलं की आमच्या माणसाचं पाऊल आत दिसता कामा नये. आम्ही बौद्ध झालो तरी तो नियम काही बदलला नाही. लहानपणी मी दारात उभी राहून तिची पाठ माझ्याकडे सरकत येताना बघायची. मला फार राग यायचा. अजून येतो. अशा एका जमिनीवर आईला आरामात बसलेली बघायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

वखारीत फळ्या तिनेच निवडल्या, बोटाने ठोकून आणि नाकाला लावून. पण घरी खोलीत खालच्या पट्ट्या ठोकल्या गेल्या आणि बाईसाहेब उंबऱ्याबाहेर जाऊन बसल्या.

महादेवप्पाने पहिली फळी भिंतीला घट्ट भिडवली, तशी ती म्हणाली, “मिस्त्री, भिंतीकडं बोटभर जागा सोड.”

“फट दिसंल की अव्वा. लोक मला नावं ठेवतील. माझ्या कामात केसभर फट न्हाई, निलंग्यात इचारा कुनालाबी.”

“वरून पट्टी मारली की दिसत न्हाई. आता लाकूड वाळून खडंग हाय. हवेत ओल आली की फुगंल, मंग जायाचं कुठं त्यानं? बंगल्यात जागा सोडली नव्हती, तर मधल्या दोन फळ्या उचलून वर आल्या.”

“तुमी कवा जमीन बसवली?”

“बसवली न्हाई. बावीस वर्सं चोळली.”

महादेवप्पाने बिडी पेटवली, अर्धी ओढून विझवली आणि फळी बोटभर मागे घेतली. “हां, आता बघा.” पुढचे चार दिवस तो प्रत्येक फळी ठेवली की उंबऱ्याकडे बघायचा आणि तिने मान हलवल्यावरच खिळा मारायचा.

पाचव्या दिवशी काम संपलं. “अव्वा, पयलं पाऊल तुमचं,” तो म्हणाला.

“तेल राहिलंय,” आई म्हणाली.

“मिस्त्री लावतील की,” मी म्हणाले.

“त्याला काय जमतंय!”

महादेवप्पा तोंड फिरवून हसला. मला मात्र संताप आला. “माय, हितं कुनी खानसामा न्हाई. घर आपलं हाय.”

“मला ठावं न्हाई व्हय?” म्हणत तिने तेलाची वाटी आणि फडकं घेतलं.

मी अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात निघून गेले. ती पाठ पुन्हा दाराकडे सरकत येताना मला बघवली नसती. भांडी उगीच आपटली, मग थोडं रडून घेतलं. बऱ्याच वेळाने तिघांचा चहा केला आणि घेऊन आले.

दारात पाठ नव्हती. उंबऱ्याला लागून पहिलीच फळी तेलाने ओली चमकत होती आणि तिथून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत सगळी जमीन. त्या भिंतीशी, खिडकीखाली राखलेल्या कोरड्या जागेत, आई पाय पसरून टेकून बसली होती. तिचे भेगाळलेले तळवे आमच्याकडे होते.

“माय, हे उलटं केलंस. दाराकडून सुरू केलंस. आता बाहीर कशी येशील? सांजपातूर वाळायचं न्हाई.”

“मंग सांजपातूर बसते,” ती म्हणाली. “मला कुठं जायाचं हाय?”

मी आणि महादेवप्पा उंबऱ्याबाहेर बसून चहा प्यालो. तिचा कप माझ्या हातात गार होत गेला.