अक्रोडावरची फुली

ज्या घरात दिवसभर करवतीची मशीनं गरजतात, त्या घरात कुणी हळू बोलत नाही. मीठ मागायचं तरी ओरडून, आणि गुपित सांगायचं तरी अंगणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. थोरली सून लग्न होऊन आली, तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटलं की ही माणसं सारखी भांडतायत. मग तीही ओरडायला शिकली.

घरचा धंदा झाडांचा. झाडं लावायचा नव्हे. वाळक्या फांद्या उतरवायच्या, छपरावर रेललेली झाडं हलकी करायची, मरायला टेकलेली सुखरूप खाली आणायची. सासरे आदल्या संध्याकाळी जाऊन झाड पारखत. लाकडी हातोड्यानं बुंधा ठोकत, कान लावत आणि खडूनं खूण करत. गोळा म्हणजे झाड भरीव, खुशाल चढा. फुली म्हणजे आतून पोकळ, माणसानं वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी थोरला दोर बांधून वर जाई, त्याची बायको, म्हणजे ही थोरली सून, खाली दोर धरी, आणि धाकटा दीर पडलेल्या फांद्या तोडून गाडीत भरी. सासरे त्या वेळी तिथे सहसा नसत. पंचक्रोशीत म्हणत, म्हाताऱ्याच्या कानाशी झाड खोटं बोलत नाही.

पण हल्ली कुठेतरी पाणी मुरत होतं.

सासऱ्यांना गाडीनं न्यायचं काम सुनेचं, त्यामुळे कुठल्या झाडावर कुठली खूण पडली हे तिला पक्कं ठाऊक असे. महिन्याभरापूर्वी गिरणीच्या आवारातल्या झाडावर सासऱ्यांनी तिच्या डोळ्यांदेखत गोळा काढला. सकाळी बघते तर फुली! तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पंधरा दिवसांनी दवाखान्यामागे पुन्हा तेच. नजर एकदा चुकते. दुसऱ्यांदाही तसंच घडलं तर त्यात कुणाचा तरी हात असतो.

फुली पडली की काम जाई पाळणेवाल्याकडे. हा शेजारच्या गावचा. माणसाला पाळण्यात बसवून वर नेणारी भलीमोठी गाडी त्यानं घेतली होती आणि तिच्या जोरावर तो मिशीला पीळ देत हिंडायचा. या पाळणेवाल्याचं नि धाकट्या दिराचं अगदी गूळपीठ. आता दोन आणि दोन चार करायला काय मास्तर लागतो?

दीर तसा मितभाषी. त्या आरडाओरड्याच्या घरात हळू बोलणारा तो एकटाच, आणि सुनेला वाटे, हळू बोलणाऱ्याच्या पोटात काय असेल ते देवच जाणे. हल्ली तो पहाटे फिरायलाही जाऊ लागला होता. दिवसभर ओंडके उचलून ज्याची कंबर मोडते, त्याला पहाटे फिरायची हौस कुठून येते? एकदा त्याची पँट धुवायला घेतली तर खिशात खडूचा तुकडा.

"भावजी, हा खडू कशाला?"

"असाच," तो म्हणाला आणि तुकडा घेऊन निघून गेला. खाई त्याला खवखवे, असं तिनं मनात म्हटलं.

सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती. त्यांच्या खुणेवर कुणी ब्र काढायचा नाही, हा घरातला कायदा. तेव्हा तिनं नवऱ्याला गाठलं.

"तुमचा भाऊ आपलं काम त्या पाळणेवाल्याच्या घशात घालतोय."

"काहीतरीच काय! तुझ्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलंय," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून तोही भावाकडे तिरकं बघू लागला. संशयाचं बी पेरायला नांगर लागत नाही.

मग आलं शाळेमागचं अक्रोडाचं झाड. एक जाडजूड फांदी वर्गाच्या छपरावर टेकली होती. शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. सासऱ्यांनी बुंधा चारही बाजूंनी ठोकला, बराच वेळ कान लावला आणि ठसठशीत गोळा काढला. सुनेनं तो नीट बघून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती शाळेच्या वाटेला लागली. समोरून दीर येताना दिसला, तशी ती कुंपणाआड झाली. तो हात झटकत, खाली बघत निघून गेला. झाडापाशी जाऊन बघते तर गोळा गायब आणि तिथे फुली. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. घरचा भेदी म्हणतात तो हाच! तिनं नळावर रुमाल भिजवला, फुली खसाखसा पुसली, वर्गाच्या खिडकीत पडलेला खडू घेऊन तिथे गोळा काढला, अगदी सासऱ्यांसारखा, खाली जरासा चपटा. हात धुताना तिला फार बरं वाटलं. आज तिनं घर वाचवलं होतं.

दिराला थोरल्यानं करवतीच्या साखळ्यांना धार लावायला बाजारात पिटाळलं होतं. आज शाळेचं काम म्हणून सासरे जातीनं हजर होते. ते वर्गाच्या भिंतीपाशी, झाडाकडे पाठ करून छपराची फुटलेली कौलं न्याहाळत होते. थोरला गोळा बघून वर चढला. दुमजली घराएवढ्या उंचीवर जाऊन त्यानं करवत खाली लोंबत ठेवली आणि दोर नीट करू लागला. खाली दोर सुनेच्या हातात.

तेवढ्यात दीर फाटकातून आत आला. त्याची नजर बुंध्यावर गेली आणि हातातल्या साखळ्या गळून पडल्या.

"दादा! खाली ये! दादा, मशीन लावू नकोस!"

या माणसाला एवढा आवाज आहे, हे सुनेला त्या दिवशी कळलं. चोराच्या उलट्या बोंबा, असं तिच्या मनात आलंसुद्धा. वर्गातली पोरं खिडक्यांना लटकली, शिपाई धावत आला, अक्रोडावरचे पक्षी भर्रकन उडाले.

सासरे मात्र कौलं मोजत होते.

त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. सून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मीठ मागायचं तरी ओरडून, अशा घरात, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे कुणाला कळणार? हळू बोलणाऱ्यालाच. त्याचंच बोलणं वाया जात असणार. पहाटे जाऊन पुन्हा ठोकून पाहिलेले बुंधे, खिशातला खडू, फुली, सगळं तिला एकदम समजलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"उतरा!" ती किंचाळली. "करवत सोडा, उतरा!"

तिनं हातभर हातभर दोर सोडला. एकदाही हिसका बसू दिला नाही. नवऱ्याचे पाय जमिनीला लागले, तेव्हाच तिनं दोर हातातून सोडला.

दिरानं हातोडा उचलून बुंध्यावर घातला. रिकाम्या पिंपावर थाप पडावी तसा आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला साल फुटली आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तो मूठभर भुसा घेऊन.

"मी सकाळी फुली केली होती," तो म्हणाला. "कुणी पुसली?"

थोरल्यानं त्याची कॉलर धरली. "तू केली होतीस? अप्पांच्या खुणेला हात लावायला सांगितलं कुणी तुला? आणि पुसलीसही तूच! मला मारायला निघालास?"

दिरानं कॉलर सोडवून घेतली नाही. त्यानं फक्त वहिनीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या रुमालाकडे. त्यावर अजून पांढरे फराटे होते. त्याला कळलं होतं, आणि तरी तो बोलला नाही. गप्प राहिली असती तर ती सुटली असती, आणि दीर जन्माचा घरातून उठला असता.

"त्यांना सोडा," ती म्हणाली. या घरात आल्यापासून इतक्या हळू ती कधी बोलली नव्हती. "फुली मी पुसली. गोळा मी काढला. मला वाटलं, भावजी फितूर झालेत."

नवऱ्याचा हात कॉलरवरून गळून पडला.

गर्दी बघून सासरे तोवर वळले होते. ते जवळ आले, बुंध्यातलं भोक पाहिलं, खाली सांडलेला भुसा पाहिला, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

थोरल्यानं मान खाली घातली. दीर भुशाकडे बघत राहिला.

"अरे, काय म्हणाली ती?"

मग सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, ओरडून सांगू लागली.