भोकं पडलेली टोपी

मायलो सेडलाचेकचे हात तीन वर्षांपासून थरथरत होते. त्यामुळे त्याला बंदूक धरवत नव्हती. पण बायकोसाठी, लिबीसाठी, काडतुसं मात्र तो अजून घरीच भरायचा. नेब्रास्कातल्या त्या गावात मका पेरणाऱ्या प्रत्येकाला हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या नेमबाजीचं वेड, आणि जो तो आपल्या बंदुकीचं कौतुक सांगणार. मायलो सांगायचा गॅरेजमधल्या आपल्या काडतुसं भरायच्या जुन्या यंत्राचं.

शुक्रवारी दुपारी शेजारचा ड्वेन टपकला. त्याची बंदूक नवी कोरी, काडतुसं दुकानातली आणि जीभ फुकटची.

"अजून भरतोयस? या हातांनी? दारू काडतुसात पडते की बुटात?"

"तुझ्या तोंडात कोंबू का थोडी?"

"मस्करी नाही रे. रविवारी स्पर्धा आहे, लिबीला तरी दुकानातली आणून दे. मी तर तुझं काडतूस माझ्या बंदुकीत घालणार नाही, मेलो तरी!"

मायलोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रविवारी एक जरी फुसकं निघालं ना, तर हे यंत्र तू स्वतः उचल आणि भंगारात घाल. झालं समाधान?"

"झालं की!" ड्वेन हसत हसत गेला.

लिबी दारात कॉफी घेऊन उभी होती. "तुझी जीभ हातांपेक्षा जास्त हलते, मायलो."

मायलोने यंत्रावरची काडतुसाची अर्धी भरलेली नळी ओतून रिकामी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भरताना मध्येच कुणी बोललं की ती नळी बाद, हा त्याचा कायदाच होता. हात थरथरले तरी यंत्राला फरक पडत नव्हता. दांडा खाली ओढला की दारू मापातच पडायची. पण पडली की नाही, हे बघायचे डोळे माणसाचेच. एका हाताने बॅटरी धरणं आता जमत नव्हतं, म्हणून त्याने टोपीच्या पुढच्या कडेला एक छोटा दिवा चिमट्याने लावला होता. वाकायचं, नळीत उजेड पाडायचा, दारू दिसली की मगच प्लॅस्टिकचं बूच, वर छर्रे, आणि शेवटी तोंडाच्या सहा पाकळ्या दुमडायच्या.

एवढी काळजी घ्यायची सवय त्याला अठ्ठावीस वर्षांपूर्वी लागली. तेव्हा तो स्वतः खेळायचा. नव्व्याण्णव चकत्या फुटल्या होत्या आणि शंभराव्याला बंदुकीतून नुसतं फुस्स झालं. छर्रे बुटांपुढे सांडले. भरताना रेडिओवर सामना ऐकत बसला होता गडी, एका नळीत दारू घालायचीच राहिली! पहिल्यांदा शंभर फोडणाऱ्याची टोपी हवेत उडवून सगळ्यांनी तिच्यावर बार काढायचे, अशी तिथली रीत. मायलोची टोपी त्या दिवशी अख्खी घरी आली. तीच टोपी तो अजून घालत होता, आणि ती अख्खी आहे याची त्याला रोज लाज वाटायची.

रविवारी लिबी सुटली ती सुटलीच. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. कुंपणामागे खुर्ची टाकून बसलेल्या मायलोच्या हातातला कोलाचे, मुरंबा भरलेला गोड पाव, तसाच राहिला, त्यातला जर्दाळूचा मुरंबा ओघळून पँटवर आला. ड्वेनच्या तीन चकत्या कधीच हुकल्या होत्या. तो मागे येऊन उभा राहिला होता. नव्व्याण्णवावी फुटली.

तेव्हाच मायलोला एक गोष्ट आठवली. काल भरताना फोन वाजला होता. तेव्हाची ती नळी आपण ओतली होती ना? आठवेना. ओरडून थांबवावं तिला? ओरडला असता, तर स्वतःच्या आयुष्यभराच्या कामावर थुंकल्यासारखं झालं असतं. ओतली असणार. अठ्ठावीस वर्षांत ओतली नाही असं एकदाही झालं नव्हतं. तो दात आवळून बसून राहिला.

"पुल!" लिबीने चकती सोडायची हाक दिली.

धाड! चकतीचा नुसता काळा धूर झाला.

सगळे धावले. कुणीतरी लिबीच्या टोपीला हात घातला.

"ए, माझी नाही!" तिने तो हात झटकला, तरातरा कुंपणाशी आली आणि मायलोसमोर हात पसरला. "दे."

"अगं, मी कुठे काय फोडलं?"

"शंभरच्या शंभर तू भरलीस. दे म्हणते ना!"

तिने टोपीवरचा दिवा काढून खिशात टाकला आणि टोपी त्याच्याच हातात परत दिली. मग पिशवीतली उरलेली काडतुसं एकेकाच्या हातावर ठेवत निघाली. शेवटी ड्वेन.

"लिबी, माझी बंदूक नवीन आहे गं..."

"मग तिला आज चांगलं काहीतरी खाऊ घाल."

लोक खो खो हसले. ड्वेनने काडतूस उलटसुलट करून पाहिलं, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि मुकाट्याने बंदुकीत घातलं.

टोपी मायलोनेच हवेत फेकली. अकरा बंदुका वाजल्या, एकही फुसकी नाही. ड्वेनची तर कानठळ्या बसवून गेली.

ड्वेनच जाऊन टोपी उचलून घेऊन आला. तिची चाळण झाली होती. "मायलो, माझ्या रिकाम्या नळ्या आणून टाकू का शनिवारी?"

"टाक. पण भरताना तोंड बंद ठेवायचं."

मायलोने टोपी डोक्यावर चढवली. त्याचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची त्याला आज अजिबात गरज वाटली नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या दारापर्यंत तो तीच घालून गेला, आणि आत शिरताना ती काढायला त्याने मुद्दाम वेळ लावला.