पूजेत मांडलेला फोन

मेहुणीचा फोन लागला तेव्हा नंजुंडस्वामी बायकोसाठी पाणी मोजून पेल्यात ओतत होते. मंगलाचं डायलिसिस सुरू झाल्यापासून त्या घरात पाणी औषधासारखं बेतानं दिलं जाई. त्यांनी पेला बाजूला ठेवून फोन कानाला लावला, आणि पलीकडून तोफच सुटली.

"भावजी, सकाळपासून किती वेळा केला! म्हटलं गेलात की काय दोघं मला न सांगता."

"कधी केलास? वाजला नाही."

"माझ्या कानात वाजत होता की! तुमच्याकडे वाजत नसेल तर घाला तो डबा चुलीत."

बोलणं संपल्यावर त्यांनी फोनमध्ये शोधलं. येऊन गेलेल्या फोनची साधी खूणसुद्धा नव्हती. फोन समोर टेबलावर होता, ते समोर बसले होते, आणि तो वाजलाच नव्हता. मेहुणी भांडखोर, तिने पुन्हा पुन्हा केला म्हणून कळलं तरी. पण फिलोमिनाने केला असता तर?

फिलोमिना म्हणजे म्हैसूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात किडनी बदलण्याच्या रांगेचं काम बघणारी बाई. मंगलाचं नाव त्या रांगेत घातलं त्या दिवशी तिने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "कोणी गेलं आणि त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं, तरच किडनी मिळते. ते सकाळी होईल, मध्यरात्री होईल. मी फोन करीन. तुम्ही उचलला नाही तर मी थांबू शकत नाही हं अण्णा, मला पुढच्या नावाला करावा लागतो." दुसरा नंबर म्हणून त्यांनी मंड्याला राहणाऱ्या मेव्हण्याचा दिला होता. तो बस चालवायचा आणि बस चालवताना फोन बंद ठेवायचा. एरवी चांगली सवय.

तेव्हापासून नंजुंडस्वामी फोन घेऊन न्हाणीघरात जात. देवळात गेले तर चपला बाहेर काढत, फोन नाही. आणि आता तोच फोन मनाला येईल तेव्हा वाजणार, नाही तर गप्प बसणार.

ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि त्याला आपला नंबर लावायला सांगितला. फोन खणखणीत वाजला. घरी आले. दुपारी वाण्याच्या बायकोने उगीच, गंमत म्हणून लावला, तेव्हा मुकाच राहिला; हे तिनेच नंतर सांगितलं. चारचौघांत शहाण्यासारखा वागणारा आणि घरी आल्यावर तोंड न उघडणारा माणूस असतो तसा.

फोनच्या दुकानात मुबीना म्हणून एक चटपटीत बाई बसायची. तिने फोन उलटा करून बघितला आणि हसू दाबलं.

"काका, याला कंपनीनेच सोडून दिलंय. आता नवीन काही येत नाही याच्यासाठी. रिटायर करा."

"मीपण रिटायरच आहे," नंजुंडस्वामी म्हणाले. "दुरुस्त होणार नाही?"

"होईल, आणि पुन्हा बिघडेल. नवा घ्या. फक्त तुमचं सिम जुन्या मापाचं आहे, मोठं. नवीन सिम काढावं लागेल. अर्ज घातला की हे बंद होतं, मग नवीन चालू होतं."

"लगेच?"

"दोन-तीन तासांत. कधी दुसरा दिवस उजाडतो. त्यात दसऱ्याची गर्दी, शब्द नाही देत."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात नंबर बंद. एक दिवस फोन नसला तर आभाळ कोसळतं का काका?"

त्यांनी फोन उचलला, रुमालात गुंडाळला आणि घरची वाट धरली.

नंजुंडस्वामींनी सगळं आयुष्य कारखान्यात लेथच्या यंत्रावर काढलं होतं. बंद पडलेलं यंत्र बरं, अर्धवट चालणारं यंत्र घातकी, हे ते नव्या पोरांना दरडावून सांगत. त्या हिशेबाने उत्तर सोपं होतं. पण हा फोन ठेवला आणि एखादा कॉल चुकला, तर ती फोनची चूक. तो बदलायला घेतला आणि त्याच मधल्या वेळात किडनी आली, तर ती त्यांच्या हाताने घडलेली गोष्ट. एवढ्या एका फरकापाशी त्यांचं मन घाण्याच्या बैलासारखं फिरत राही.

"बदला," मंगला म्हणाली. ती खिडकीपाशी बसून शेवंतीची फुलं निवडत होती. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांनी टरारलेली शीर पदराखाली झाकलेली.

"आणि नेमका तेव्हाच आला तर?"

"दोन वर्षं आला नाही, तो नेमका तेव्हा येणार?"

"तसंच होतं."

"तुमचं नशीब एवढं हुशार असतं ना, तर फोरमन होऊन रिटायर झाला असता."

ते हसले नाहीत. तिने फुलं बाजूला सारली. "बरं, मग शेजारच्या बोरेगौडाचा नंबर द्या फिलोमिनाला, एक दिवसापुरता. टॅक्सीवाला आहे, फोन कानालाच चिकटलेला असतो त्याच्या."

बोरेगौडाच्या टॅक्सीतल्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांवरून त्यांनी एकदा, आयुष्यात एकदाच, कुणाला तरी चढ्या आवाजात बोलून घेतलं होतं. त्यानंतर दोन्ही दारं एकमेकांकडे पाठ करून होती. शिवाय मंगलाच्या आजाराचं गल्लीत त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आठवड्यातून तीन वेळा ती बहिणीकडे जाते, असा लोकांचा समज होता.

"आयुधपूजा होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मग बघू."

"मग बघू म्हणजे बघायचं नाही," मंगला म्हणाली आणि पुन्हा फुलांकडे वळली.

आयुधपूजेच्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी चौरंगावर आयुधं मांडली. मोजमापाची कॅलिपर, पाने, हातोडी, मंगलाची कात्री, विळी. ज्याच्यावर पोट चालतं ते आयुध. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्या दिवशी त्याचा आराम. कारखान्यात हा नियम नंजुंडस्वामींइतका कडक कुणी पाळला नव्हता. त्या दिवशी कुणी लेथचं बटण नुसतं पुसायला गेलं तरी ते ओरडत.

"फोन आणा," मंगला म्हणाली.

"तो कशाला? त्याला कसा आराम द्यायचा?"

"आराम नका देऊ. पूजा तर करा. आपल्या दोघांचा जीव आज विळी-कात्रीवर आहे का त्याच्यावर?"

त्यांनी फोन पुसला आणि कॅलिपरशेजारी ठेवला. भस्म पाण्यात कालवलं, तीन बोटं बुडवली आणि लेथच्या पोलादी अंगावर ओढत तशा दणकट आडव्या रेघा फोनच्या वरच्या कडेला ओढल्या. यंत्राला भस्म लावताना हात आखडायचा नाही, ही जुनी सवय. खालच्या कडेला ओल्या गंधाचा टिळा आणि त्यावर कुंकू. मग वर शेवंतीचं फूल. उदबत्तीच्या धुरात तो काळा तुकडा बराच सोज्वळ दिसू लागला. त्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आता काय व्हायचं ते देवासमोर होईल.

बाहेर गल्लीत गाड्यांना केळीचे खुंट बांधले होते, कुंकू भरलेले कोहळे रस्त्यावर फुटत होते. घरात होळिगेचं, म्हणजे पुरणपोळीचं, पुरण शिजत होतं, पाहुण्यांपुरतं. मंगलाला त्यातलं चमचाभरच चालणार होतं.

आणि फोन वाजला.

शेवंतीचं फूल थरथरत बाजूला घसरलं. पडद्यावर फिलोमिनाचं नाव होतं. नंजुंडस्वामींचा हात पुढे गेला आणि चौरंगाच्या काठावर अडला. चाळीस वर्षांची सवय हातात होती, डोक्यात नव्हती.

"अहो उचला!" मंगला किंचाळली.

त्यांनी उचलला, कानाला लावला. "हॅलो?"

पलीकडून काही नाही. उशीखाली कुणी बोलत असावं तशी नुसती घुसमट.

"हॅलो, फिलोमिनाताई, मी नंजुंडस्वामी. ऐकू येतंय का?"

घुसमट वाढली, मग थांबली, मग पुन्हा सुरू झाली. तीही बहुधा हॅलो हॅलोच म्हणत असावी. त्यांनी फोन समोर धरला, तर पडदा काळा. बोट दाबलं, घासलं, काहीच उजळेना. भस्म वाळून चुन्यासारखं कडक झालं होतं. ते नखाने खरवडू लागले तशी ती पूड बारीक छिद्रांत आणखी आत जाऊन बसली. आणि एवढ्यात घुसमटही बंद झाली.

"कट झाला," ते म्हणाले. "मंगला, कट झाला. ती आता पुढच्या नावाला करील."

"बोरेगौडाकडे जा."

"तो माझ्याशी..."

"जा म्हणते ना!"

ते तसेच, उघड्या अंगाने, कपाळावर भस्म आणि हातात बरबटलेला फोन घेऊन शेजारच्या दारात गेले. बोरेगौडा टॅक्सीच्या चाकाखाली लिंबं ठेवत वाकला होता.

"बोरेगौडा, तुझा फोन दे. लगेच दे. माझ्या बायकोला किडनी हवी आहे."

बोरेगौडा वाकलेलाच राहिला. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, लिंबं टाकली आणि खिशातून फोन काढला. त्यालाही हळद लागली होती.

"नंबर सांगा, अण्णा."

नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. पहिल्याच घंटेला फिलोमिनाने उचलला. त्यांनी नाव सांगितलं.

"अण्णा? कुठे होतात? मी बोलतेय, तुमच्याकडून फक्त खरखर. आणखी थोडा वेळ बघणार होते. ऐका. एक किडनी आहे. तुमच्या वर एक पेशंट आहे, त्यांच्या तपासण्या चालू आहेत. त्या ठीक आल्या तर किडनी त्यांची, नाही तर अक्कांची. अक्कांना काही खायला देऊ नका. घरीच तयार राहा. आणि हा फोन जवळ ठेवा."

"हा फोन शेजाऱ्यांचा आहे."

"मग शेजाऱ्यांना जवळ ठेवा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बोरेगौडाने नंजुंडस्वामींच्या हातातला फोन घेऊन उन्हात धरला. "अण्णा, ही जागा ऐकायची, ही बोलायची. आणि हा काळा ठिपका असतो ना, तो झाकला की फोनला वाटतं आपण कानालाच आहोत, मग पडदा लागत नाही. तुम्ही तर नाक, तोंड, डोळे सगळंच लिंपलंत. लेथ नाही हा!"

नंजुंडस्वामींनी फोन परत घेतला आणि धोतराला पुसला.

"चला," बोरेगौडा म्हणाला. "टॅक्सी दारात आहेच. बोलावलं की निघायचं."

तो त्यांच्या ओसरीवर येऊन बसला. त्याच्या फोनवर गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले, कुणाला चामुंडीच्या डोंगरावर जायचं होतं, कुणाला दिव्यांची रोषणाई बघायला. प्रत्येक घंटेला आत मंगला उठून बसे आणि नंजुंडस्वामी दाराशी येत. शेवटी बोरेगौडा वैतागून म्हणाला, "अण्णा, तुम्ही असे समोर उभे राहिलात ना, तर मलाच भरती करावं लागेल." थोड्या वेळाने, मंगलाच्या आजाराचं सगळं ऐकून झाल्यावर, आवाज उतरवून, त्याने विचारलं, "गाण्यांचा त्रास अक्कांना व्हायचा का? डायलिसिसहून आल्यावर?"

"हो."

"मग तसं सांगायचं की. मला वाटलं तुम्हाला गाणीच आवडत नाहीत."

उन्हं उतरताना फिलोमिनाचा फोन आला. बोरेगौडाने तो न बोलता पुढे केला. नंजुंडस्वामींनी ऐकून घेतलं, "बरं," म्हणाले, पुन्हा "बरं," म्हणाले, आणि परत दिला.

"पहिल्यालाच मिळाली," ते मंगलाला म्हणाले. "तपासण्या ठीक आल्या त्यांच्या."

मंगलाने विचारलं, "तरुण आहे का तो?"

"विचारलं नाही."

"असू दे. कुणाला तरी मिळाली." मग तिने डोळे पुसले. "अहो, तो मुलगा सकाळपासून उपाशी बसलाय ओसरीवर. त्याला होळिगे वाढा."

दसऱ्याच्या दिवशी मुबीनाने दुकान उघडलं तेव्हा दोघं पायरीवरच होते. बोरेगौडाने यायलाच हवं होतं असं नव्हतं, पण त्याला मागे ठेवून येणं नंजुंडस्वामींना जमलं नव्हतं. रस्त्यात त्यांनी फिलोमिनाला त्याचा नंबर पुन्हा दोनदा म्हणून दाखवला होता.

मुबीनाने अर्ज भरला. मग बोट वर धरून विचारलं, "काका, बंद करू?"

कालचा फोन चुकलाच असता. आणि आजही येऊ शकतो, आज संध्याकाळपर्यंत केव्हाही. त्यांनी बोरेगौडाच्या हाताकडे बघितलं.

"फोन खिशात ठेवू नकोस," ते म्हणाले. "खिशात ऐकू येत नाही. हातात धर."

"धरलाय, अण्णा."

"चार्ज आहे ना?"

"आहे."

"करा बंद," नंजुंडस्वामी मुबीनाला म्हणाले, आणि बोरेगौडाच्या शेजारी बाकावर अंग चोरून, त्याच्या हातातल्या फोनवर नजर ठेवून बसले.