टर्बाइनमागचा हिरवा डबा

२०१२ सालची गोष्ट. दरीतलं धरणाचं वीजघर बंद पडलं होतं, तरी तिथूनच निवृत्त झालेले आमचे हे दर रविवारी जाऊन ते झाडून येत. एका रविवारी नात आम्हा दोघांना तिथे घेऊन गेली. कुणीतरी लपवलेला डबा मोबाइलवरच्या खुणेने शोधायचा, असा तिचा खेळ. "तुला स्वतःची चप्पल सापडत नाही," असं तिच्या दादाने चिडवलं होतं. त्यामुळे ती रिकाम्या हाताने परतणार नव्हती.

खूण जुन्या टर्बाइनमागे निघाली. तिथे सगळं लख्ख! नात रडकुंडीला आली.

"दिसतो कसा तो डबा?" मी विचारलं. तिने फोटो दाखवला. हिरवा, पितळी कडीचा.

"अहो, माझ्या बटणांसाठी घरी आणलेला डबा तुम्ही कुठून उचललात?"

हे छताकडे पाहत म्हणाले, "यंत्राजवळ कचरा चालत नाही."

"आजोबा!" नात हसून हसून खालीच बसली.

डबा सापडला, एवढंच दादाला सांगितलं. त्याचं लग्न झालं, तरी कुठे सापडला ते त्याला ठाऊक नाही. नात आता स्वतः डबे लपवते. यांनी तो डबा परत टर्बाइनमागे ठेवला आणि देवाघरी जाईपर्यंत दर रविवारी पुसला. त्यातून काढलेली माझी बटणं अजून वाटीतच आहेत.