वाट्याचा अंधार

वीज उपकेंद्रात मिफ्ताहने तिसऱ्या वाहिनीच्या कळेवर हात ठेवला, तोच शाबानने बंदुकीची नळी त्याच्या मनगटावर टेकवली. हलकेच, जवळजवळ आदराने.

"हाजीकाका, आमच्या मोहल्ल्याची नाही."

"तीन तासांचा तर प्रश्न आहे. वीज अपुरी आहे. प्रत्येक गावानं आपल्या वाट्याचा अंधार घ्यायचा, असं ठरलंय."

"कुठल्या सरकारनं ठरवलं? त्रिपोलीच्या की पूर्वेकडच्या? घरी आई प्राणवायूच्या यंत्रावर आहे. ते थांबलं तर दोन्ही सरकारं मिळून फुंकर घालणार का?"

"तिला इथं आण. केंद्राच्या बॅटरीवर एक यंत्र चार तास चालेल."

"मी पाठ फिरवली की तुम्ही कळ दाबणार. लहानपणापासून ओळखतो तुम्हाला."

फोनवर राजधानीतील नियंत्रण कक्षाचा बशीर ताटकळत होता.

"मिफ्ताह, केलीस का बंद?"

मिफ्ताहने कळेवरचा हात काढून घेतला.

"केली."

"सगळेच 'केली' म्हणतायत रे. इथला काटा मात्र खालीच चाललाय. अशानं देशभरचं वीजजाळंच बसेल."

बाहेरच्या रोहित्राची घरघर थांबली. छताचा पंखा चार फेरे फिरला आणि स्थिरावला. समुद्रकिनाऱ्यापासून वाळवंटापर्यंत साऱ्याच गावांत त्या भर दुपारी हेच घडले असणार. मिफ्ताहला त्याचे नवल उरले नव्हते.

शाबान धावत गेला. समुद्रापलीकडच्या एका मित्रराष्ट्राने भेट दिलेल्या चिलखती गाडीतून तो परतला, तेव्हा त्याच्या बाहूंत आई होती, ओठ निळसर पडलेली. मिफ्ताहने बॅटरीवर चालणाऱ्या एकमेव सॉकेटला तिचे यंत्र जोडले. काही वेळाने तिची छाती संथपणे वरखाली होऊ लागली.

फाटकाशी भोंगा वाजला. खिडकीतून एक उघडी गाडी दिसत होती. तीत गादीवर एक वृद्ध, त्याच्या उशाशी तसलेच यंत्र कवटाळून बसलेली स्त्री, आणि दोन बंदूकधारी. त्यांच्या अंगावरची चिलखते दुसऱ्या एका मित्रराष्ट्राची होती.

शाबानने बंदूक उचलली.

"कोण आलंय रे?" आईने विचारले.

"कुणी नाही, आई." तो बाहेर गेला.

मिफ्ताहने नोंदवही उघडली, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात कालचेच दोन शब्द लिहिले: अज्ञात बिघाड.

भोंगा पुन्हा वाजला. म्हातारीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले आणि नाकाजवळच्या नळीला बोटे लावली.

"मिफ्ताह, अर्धा अर्धा तास वाटून घेतलं तर चालेल का रे?"

त्याने खिडकीतून पाहिले. शाबान फाटकाला आतून साखळी घालत होता.