नाही म्हणणाऱ्याला पुढची जागा

इसरूने आयुष्यात बऱ्याच गोष्टी अर्ध्यावर सोडल्या. घरामागची विहीर पुरुषभर खणली आणि सोडली. बासरी शिकायची सोडली. तंबाखू सोडायचं तर दरसाल सुरू केलं आणि दरसाल सोडलं. पण बैठक म्हणून त्याने एकही मोडू दिली नाही.

एटापल्लीच्या पलीकडे, पार जंगलात शिरलेल्या त्याच्या गावात ग्रामसभेची रीत जुनी होती. हात वर करून मोजायचे नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं. आणि ज्याला पटत नाही त्याला कोपऱ्यात ढकलायचं नाही, उलट मागून उठवून सगळ्यांच्या पुढे बसवायचं, पहिला चहा त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, बोल. बांबू कोणाला विकायचा, तळ्यातले मासे कधी काढायचे, कोणत्या मोहाखालची फुलं कोणी वेचायची, सगळं असंच ठरत आलेलं. या बैठका इसरू चालवायचा. चालवणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही, हीसुद्धा रीतच होती, आणि तीच त्याला सगळ्यात जड जायची.

त्याची बायको सोमारी म्हणायची, "या बुढ्याले घरात कोणी विचारत नाई, म्हणून गावाले विचारत फिरते."

अशा माणसाला संघप्रियाच्या चॅनलचा नाद लागला. संघप्रिया चंद्रपूरची. ती आणि तिचा कॉलेजातला मित्र प्रफुल दर रविवारी दुपारी मोबाइलसमोर बसून लाइव्ह बोलायचे. कधी नवा सिनेमा, कधी निवडणूक, कधी कोणी भिंतीवर काढलेलं चित्र. चॅनलचं नाव होतं 'बोला ना बाप्पा'. ते दोघं भांडायचे, बघणारे खाली लिहून भांडायचे, आणि ग्रामसभेच्या ऑफिसात चटईवर बसलेला इसरू टीव्हीशी भांडायचा. बांबूच्या लिलावासाठी घेतलेलं इंटरनेट रविवारी याच कामाला लागायचं. स्वतः लिहायचं म्हटलं तर पंचाईत. केस पांढरे झाल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेला माणूस तो. एक ओळ जुळवेपर्यंत मंडळी सिनेमावरून निवडणुकीवर पोचलेली असायची.

मग 'वणव्यातला मोर' नावाचा सिनेमा आला आणि सगळं बिघडलं. सिनेमा जंगलातला होता. प्रफुल म्हणाला, आपलं जंगल इतकं सुंदर पडद्यावर कोणी दाखवलंच नव्हतं. संघप्रिया म्हणाली, जंगल दाखवलं, पण जंगलातली माणसं नुसती ढोल वाजवतात आणि हिरोला पाणी देतात, एकाच्याही तोंडी एक वाक्य नाही. बघणाऱ्यांत दोन तट पडले. सिनेमावरचं भांडण पक्षांवर गेलं, पक्षांवरून जातींवर, जातींवरून एकमेकांच्या आईबापांवर. मधेच प्रफुल काहीतरी लागेल असं बोलला, संघप्रिया त्याहून लागेल असं बोलली, आणि पुढच्या रविवारी ती एकटीच बसलेली दिसली. अशा एकटीच्या तिसऱ्या रविवारी तिने सांगून टाकलं, की पुढचा लाइव्ह शेवटचा. चॅनल बंद.

इसरूने टीव्ही बंद केला आणि तिला फोन लावला. मागे ग्रामसभेवर व्हिडिओ करायला ती गावात येऊन गेली होती, तेव्हाचा नंबर होता.

"जय सेवा, पोरी. बैठक मोडून राह्यली म्हणते?"

"जय भीम, इसरूभाऊ. काय करू? लोक शिव्या देऊन राह्यले."

"मोडाची तं रीतीनं मोड. आमच्या गावात येऊन मोड."

त्या रविवारी ती खरंच आली. ऑफिसच्या ओसरीवर तिने मोबाइल उभा केला, शेजारी इसरूला बसवलं आणि बजावलं, "एक तास, भाऊ. शेवटी मी सांगन की बंद, आणि मंग संपलं."

"सगळ्यायले विचारलं?"

"कोणाले विचारू? चॅनल माझं आहे."

"मांडव तुझा असंन. बैठक तं सगळ्यायची आहे ना?"

ती काही बोलायच्या आत लाइव्ह सुरू झालं होतं.

खाली अक्षरं पळू लागली. इसरू नाकावर चष्मा घेऊन एकेक शब्द मोठ्याने लावू लागला, आणि त्याचा एक शब्द लागेपर्यंत दहा ओळी वर निघून जायच्या. शेवटी त्याने हात वर केला. "अरे बाबांनो, पळू नका ना! मी म्हातारा माणूस. एकानं बोला, बाकीच्यानं ऐका."

संघप्रियाने कुठेतरी दाबून लिहिणाऱ्यांचा वेग कमी केला. तेवढ्यात 'तिखट भाऊ' नावाच्या माणसाची ओळ आली. हा दर रविवारचाच. इसरूने ती ठणठणीत आवाजात वाचली: "या बाईला अक्कल नाही, बंद करते ते बरंच झालं."

संघप्रियाचं बोट पडद्याकडे गेलं.

"काय करून राह्यली?"

"ब्लॉक, भाऊ. हाकलून देते."

"नाई म्हणणाऱ्याले हाकलते? अवं, त्याले पुढे बसव!"

"इथी कसं पुढे बसवू?" असं म्हणता म्हणता ती थांबली. मग तिने तिखट भाऊची ओळ उचलून सगळ्यांच्या वर चिकटवून ठेवली. आता बाकीच्या ओळी खालून येत जात राहिल्या आणि तिखट भाऊ वर बसून राहिला, गावभर दिसेल असा.

"आता चहा," इसरू म्हणाला.

ऑफिसातल्या चुलीवर चहा सांभाळणाऱ्या सोमारीने आतून कप आणला आणि थेट मोबाइलसमोर धरला. "घे बाबू. थंडा होईन."

 तिखट भाऊचं आलं: "थँक्यू, काकू. साखर किती आहे?"

"तुह्या बोलण्यात तिखट लय, म्हणून साखर जास्त टाकली," सोमारी म्हणाली, आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

"आता बोल," इसरू म्हणाला. "अक्कल नाई म्हणजे काय? नीट सांग."

पण वर बसवल्यावर माणसाच्या तोंडून शिवी निघणं अवघड असतं. तिखट भाऊने लिहिलं, की त्याला इतकंच म्हणायचं होतं, की ताई प्रफुलला बोलू देत नव्हत्या. संघप्रिया म्हणाली, "ते थोडं खरं आहे."

अशी बैठक सुरू झाली. चंद्रपूरचे निवृत्त शिक्षक गुणवंतराव नेहमी पानभर लिहायचे. त्यांचं पानभर इसरूने अक्षर अक्षर लावत वाचलं. संघप्रिया म्हणाली, मी वाचते. "नाई," इसरू म्हणाला, "त्यायनं मन लावून लिहिलं, म्या मन लावून वाचतो." त्या वाचनाला इतका वेळ लागला, की गुणवंतरावांनीच पुढचं मत दीड ओळीत आटोपलं. बाकीचेही आटपशीर लिहू लागले. लांब लिहिलं की इसरूभाऊ लांब वाचतात, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

मधेच इसरूची नजर कोपऱ्यात डोळ्याच्या चित्राजवळ किती जण बघतात ते दाखवणाऱ्या आकड्यावर गेली. "हा डोळ्याजवळचा आकडा काऊन कमी झाला?"

"लोक उठून गेले, भाऊ. लाइव्हमध्ये असंच असते."

"न सांगता गेले?" इसरूला हे मुळीच रुचलं नाही. त्याने मोबाइलकडे वाकून हाक मारली, "कोण उठून गेलं? सांगून जात जा ना!"

जरा वेळाने जिवतीच्या लटारूने लिहिलं, "बैल बांधायले गेलो होतो, भाऊ. आलो." सिरोंचाहून एका बाईने लिहिलं, "नेनु इक्कडे उन्नानु. इथीच आहे, मासे तळून राह्यली." मग कोणी पाणी भरायला जाऊन येतो म्हणून सांगू लागलं, कोणी बाळ झोपवून. तास उलटून गेला होता. संघप्रियाने घड्याळाकडे बघणं सोडलं होतं.

"आता सिनेमाचं," इसरू म्हणाला. "ज्यानं ज्यानं सिनेमा पूर्ण पाहिला, त्यानं हात वर करा."

पडद्यावर दोन-चार हात उगवले. सगळे थांबले. आणखी उगवतील म्हणून इसरूही थांबला. उगवले नाहीत.

गुणवंतरावांनी लिहिलं, की त्यांनी जाहिरात पाहिली होती आणि दोन जणांची टीका ऐकली होती. तिखट भाऊने लिहिलं, अर्धा पाहिला, बसमध्ये, मग आलापल्ली आली. लटारूने प्रामाणिकपणे लिहिलं, की त्याने फक्त मोर पाहिला.

इसरू कपाळावर हात मारून हसू लागला. "मंग इतके रविवार भांडून कायच्यावर राह्यले रे?"

दारात उभ्या सोमारीने विचारलं, "तू तरी कुठी पाहिला, बुढ्या? या टीव्हीले घसा कोरडा होईपर्यंत सांगत होता, की सिनेमा खोटा आहे म्हणून."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. इसरूने चष्मा काढून पुसला. "बाई खरं बोलून राह्यली," तो म्हणाला. "म्यानंबी नाई पाहिला." खाली हसण्याचा नुसता पाऊस पडला, आणि त्यात संघप्रियाही कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

पण ज्यासाठी ती आली होती ते उरलंच होतं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं, की आज छान वाटलं. पण एका दुपारीने काही बदलत नाही. उद्या पुन्हा शिव्या येतील. पुन्हा ती एकटीच बसेल. त्यापेक्षा असं हसत हसत बंद झालेलं बरं.

इसरूने विचारायला सुरुवात केली. रीतच तशी होती. "गुणवंतराव, तुमाले मान्य आहे का?" गुणवंतरावांनी लिहिलं, दुःख होतं, पण मान्य. लटारू म्हणाला, ताईंची मर्जी. सिरोंचाच्या बाईने रडकं तोंड टाकलं आणि मान्य लिहिलं. 'एंजल पिंकी' नावाने लिहिणारं कोणी होतं, त्याचंही मान्य. तिखट भाऊसुद्धा, आता एवढा चहा घेतल्यावर, ताई म्हणतील ते मान्य.

एकेक मान्य वाचताना इसरूचा आवाज खाली खाली जात होता. आजवर त्याला भीती असायची ती कोणी नाही म्हणेल याची. आज सगळे हो म्हणत होते, आणि तोच आत कासावीस झाला होता. त्याला स्वतःला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण चालवणाऱ्याने मत सांगायचं नाही. रीत मोडून बैठक वाचवली, तर वाचलं काय? आणि सगळ्यांचं हो आलं, की त्याच्याच तोंडाने त्याला म्हणावं लागणार होतं, उठा.

"आणखी कोणी राह्यलं का?" त्याने विचारलं. थांबून पुन्हा विचारलं. सावली ओसरीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेली होती. संघप्रिया मोबाइल बंद करायला पुढे वाकली.

तेव्हा एक ओळ आली. नाव होतं मीराबाई. इसरूने अक्षरं लावली.

"मी... प्रफुल. आईच्या... मोबाइलवरून लिहून राह्यलो, काऊन का माझा... ब्लॉक आहे. मले... मान्य नाई."

शेवटचा शब्द वाचून इसरू ताडकन सरळ बसला. "पोरी! नाई आलं! याले पुढे बसव!"

संघप्रियाचं बोट मोबाइलवर थबकलं. तिथून ते कुठेही जाऊ शकत होतं.  दारातून सोमारी म्हणाली, "मी चहा ओतून राह्यली. लवकर सांग, ओतू का नको?"

"ओता, बाई," संघप्रिया म्हणाली आणि तिने ओळ वर चिकटवली. मग आणखी कुठे कुठे दाबलं, आणि अर्ध्या पडद्यावर प्रफुलचं तोंड आलं. दाढी वाढलेली, मागे त्याची आई मीराबाई डोकावतेय.

"बोल," इसरू म्हणाला.

"काय बोलू, भाऊ? मोर चांगलाच दिसला होता. मी अजून तेच म्हणीन."

"आणि मी अजून म्हणीन, की त्या सिनेमात माणसं मुकी आहेत," संघप्रिया म्हणाली.

"म्हण ना. पण तुले सोडून दुसऱ्या कोणाशी बोललो तं तो लगेच हो म्हणते. मजाच नाई येत." त्याने दाढी खाजवली. "त्या दिवशी जे बोललो ते बोलाले नव्हतं पाह्यजे."

"मंग तीन रविवार कुठी होता?"

"तूच तं ब्लॉक केलं होतं!"

मागून मीराबाई ओरडल्या, "दर रविवारी माझा मोबाइल घेऊन खोलीत बसते हा. माझी मालिका राहून जाते. याचा ब्लॉक काढ, बाई!"

संघप्रिया हसली, रडली, दोन्ही थोडं थोडं केलं, आणि ब्लॉक काढला.

इसरूने घसा साफ केला आणि निकाल सांगितला. निकाल काही लागलेला नाही. चॅनल बंद करण्याला एकाचं नाही आहे, म्हणून ते बंद होणार नाही. सिनेमा चांगला की वाईट हे दोन-चार जण सोडले तर कोणालाच माहीत नाही, म्हणून पुढच्या रविवारच्या आत सगळ्यांनी तो अख्खा बघायचा. गावात पडदा म्हणून मोठी चादर बांधून इसरू स्वतः बघणार, आणि प्रफुलने इथेच येऊन संघप्रियाच्या शेजारी बसायचं. "मान्य?"

मान्य, मान्य, मान्य. गुणवंतराव, लटारू, मासे तळणारी बाई, तिखट भाऊ. संघप्रिया. प्रफुल. इसरू एकेक वाचत गेला आणि यावेळी आवाज चढत गेला. शेवटी त्याने हात जोडले. "मंग बैठक उठली म्हणतो."

"मले मान्य नाई," मागून सोमारी म्हणाली.

इसरू वळला. ती चहाचं रिकामं पातेलं कमरेवर घेऊन उभी होती.

"दुपारपासून साऱ्या दुनियेले विचारून राह्यला. घरातल्या बाईले विचारलं? पुढच्या रविवारी तुम्ही चटईवर बसान, न् मी चुलीपाशी. माझं नाई आहे."

संघप्रिया उठली आणि तिने आपली जागा रिकामी केली. सोमारी पातेलं बाजूला ठेवून मोबाइलसमोर ऐसपैस बसली. खाली तिखट भाऊने लिहिलं: "काकूंना पहिला चहा."

इसरूने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा सोमारीकडे, आणि पातेलं उचलून आत गेला.

"साखर कुठी असते?" थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"विचार सगळ्यायले," सोमारी म्हणाली.