लीलाधर भाऊंचा गुरुवार

मी एक जुनी स्कूटर आहे. रंग आकाशी. आता तो ओळखायला डोळे बारीक करावे लागतात, पण मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात मी जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्याने निघाले की पोरं विटीदांडू थांबवून बघत राहायची. ही फुशारकी नाही हं. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. लग्न लवकर जमायचं, स्कूटर नाही!

पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. ठोकाठोकी, रंग, तपासणी, आणि मग मालगाडीत बसून मी जळगावला आले. ते साल ब्याऐंशी. लीलाधर भाऊंच्या अंगणात मला उभं केलं तेव्हा त्यांच्या पत्नीने, कुंदाबाईंनी, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. भाऊंचे वडील उखर्डू नाना खाटेवरून म्हणाले, "पेट्रोल पिईन बरं ही. बैल बरा होता, कडबा खायचा." मला इतका राग आला होता की पहिल्या किकला मी मुद्दाम सुरू झाले नाही.

लीलाधर भाऊ मूळचे यावलकडचे, केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. नोकरी मात्र जळगावात बियाण्याच्या दुकानात. त्यांचं काम फिरतीचं. धरणगावला जायचं, कापूसवाल्यांशी बोलायचं, एरंडोल, पारोळा करत थेट धुळं गाठायचं. अशा माणसाला घरचं जेवण मिळणार कधी? भाऊ बाहेर जेवायचे, आणि असे जेवायचे की पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं होतं. जळगावात कोणाकडे पाहुणा आला की घरमालक सायकल दामटत यायचा. "भाऊ, पाहुण्यांना कुठे न्यावं?"

मग भाऊ माझ्या सीटवर एक पाय टाकून बसायचे आणि सांगायला लागायचे. "भरीत खायचंय ना? आधी मागच्या दाराने जाऊन बघ. वांगी पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भाजत असेल तर बस. गॅसवर दिसली तर राम राम करून उठ. शेवभाजी मागशील तर शेव आधीच रश्श्यात पडलेली घेऊ नको, तिचा लगदा होतो. शेव ताटात पडली पाहिजे तुझ्या डोळ्यांसमोर. आणि मालक स्वतः कुठे जेवतो ते विचार. तो घरून डबा आणत असेल, तर त्याच्या हाटेलात आपण कशाला मरायला जायचं?" ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्याही सुटलं असतं, पण देवाने मला तोंडच दिलं नाही. अठरापगड हाटेलांच्या दारात मी उभी राहिले, एक घास चाखला नाही.

घास न चाखणारं घरात आणखी एक माणूस होतं. कुंदाबाई.

माझी जागा अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर. मला सगळं दिसायचं. आधी नानांचं ताट, मग भाऊंचं, मग मुलगा अभिमन, मग आला-गेला. त्यांच्या पानात तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी पडायची. सगळे उठले की कुंदाबाई बसायच्या. चूल विझलेली, कालवण गार, भाकरी कडक. भाऊ कुठून कुठून पार्सल आणून माझ्या हुकाला टांगून यायचे. कुंदाबाई ते सोडवून घेत आणि सगळ्यांना वाढून टाकत. स्वतः शेवटी पातेलं पुसून खात. "कसं हाये वं?" भाऊ विचारत. "बेस हाये," त्या म्हणत. गार रश्श्याला बेस म्हणणारी ती बाई बघून मला भारी वाईट वाटायचं. सणावाराला नव्हे, रोज सकाळी त्या मला जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसत. माझा आरसा लख्ख करत आणि त्यात स्वतःचं तोंड मात्र बघत नसत.

एकदा भाऊंच्या मनाने घेतलं. सगळ्या गावाला जेवायला कुठे बसायचं ते आपण सांगतो, आणि आपली बायको आजवर एका टेबलावर बसली नाही. तिने एकदा बसावं, दुसऱ्या कोणी रांधलेलं, कढईतून उतरलेलं गरमागरम खावं. एवढीच त्यांची इच्छा. वाटते सोपी, पण मित्रांनो, त्या काळात शेतकऱ्याच्या घरची सून हाटेलात जेवते म्हटलं की आळीभर डांगोरा पिटला जायचा.

हिवाळ्यात नाना अभिमनला घेऊन फैजपूरला लग्नाला गेले, तेव्हा भाऊंनी डाव साधला. "चल वं, लुगडं बदल. रुपचंदकडे भरीत-पुरी खाऊ."

"मले काय धाड भरली? घरी चूल पेटेल हाये. लोकं काय म्हनतीन?"

"लोकांना मी सांगतो कुठे जेवायचं. ते मला काय सांगतील?"

शेवटी कुंदाबाई निघाल्या. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, "देवळात चालले." मागच्या सीटवर एका अंगाला बसल्या, पदर डोक्यावरून घट्ट. त्यांचं वजन ते काय! मला वाटलं, माझ्यावर कोणी चिमणी बसली. पण त्या दिवशी मी रेल्वे फाटकावर एकदाही बंद पडले नाही. फाटक उघडेपर्यंत अगदी शहाण्यासारखी फुरफुरत थांबले.

रुपचंदच्या खानावळीत एका कोपऱ्यात पडदा लावलेली खोली होती, बायकामाणसांसाठी. दोघं पडद्याआड गेले. मी दारात उभी. पुऱ्या तळल्याचा चरचराट आला, भरिताचा धुरकट वास आला. मला वाटलं, झालं, जिंकलो! थोड्या वेळाने भाऊ बाहेर आले, तर चेहरा असा पडलेला की विचारू नका. परतीच्या वाटेवर उलगडा झाला.

"तू आधी का नाही खाल्लं?" भाऊ म्हणाले.

"तुमी जेवत होते ना."

"अगं, हाटेल आहे ते! दोन ताटं दोघांसाठी आणलेली."

"मंग काय झालं? तुमच्या आधी कशी बसू मी जेवाले? माह्याच्यानं नाही होत."

टेबलावर बसूनही त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं होतं. आपल्या ताटातली पुरी उचलून भाऊंना वाढली होती. आणि भाऊ, जिभेचे लाड पुरवणारे, भरीत पुढ्यात येताच जगाला विसरले. हात धुवायला उठले तेव्हा कुठे त्यांना समोरचं ताट दिसलं. पुऱ्या बसलेल्या, भरीत थंडगार. मग कुंदाबाईंनी ते खाल्लं आणि म्हणाल्या, "बेस हाये."

पुढे एकदा भाऊंनी खोटं बोलून पाहिलं. "मी जेवून आलोय, तू बस." कुंदाबाईंनी त्यांच्या खिशातून रुमाल ओढला. "कोराकरकरीत हाये. तुमी भाजी खाल्ली अन् रुमाल पिवळा नाही? कायले खोटं बोलता?" चोरी पकडली गेली. "ही बाई देवाला फसवू देईल, पण स्वतः फसणार नाही," भाऊ पुटपुटले.

आणि देवाचं नाव निघालं तसं भाऊंच्या डोक्यात काहीतरी चमकलं असावं.

पंच्याऐंशीच्या माघात कुंदाबाईंची बहीण कमलबाई आजारी पडली. ती धुळ्याला देवपुरात राहायची. भाऊ म्हणाले, "बसने कशाला? गुरुवारी मलाही धुळ्याला काम आहे. बस स्कूटरवर." सकाळी निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेला कापूस. धुळ्याच्या अलीकडे हमरस्त्यावर झुलालचा ढाबा होता. कडुनिंबाखाली खाटा, एक टेबल, आणि पलीकडे चुलीवर झुलालची बायको भिकुबाई भाकऱ्या थापत बसलेली. भाऊंनी मला निंबाखाली स्टँडवर लावलं.

"झुलाल, एकच ताट लाव. शेवभाजी, भाकरी. तुझ्या वहिनींना."

"अन् तुमाले?" कुंदाबाईंनी विचारलं.

"माझा गुरुवार आहे. उपवास."

झुलालच्या हातातली पळी तशीच राहिली. "भाऊ, तुमना उपवास? आज सूर्य कोनीकडे उगना?"

कुंदाबाई नवऱ्याकडे एकटक बघत होत्या. "कधीपासून धरला?"

"आजपासून. संध्याकाळी सोडणार. तोवर चहा चालतो."

"मंग मी बी धरते."

"छे छे! एका घरात एकानंच धरायचा असतो. दोघांनी एकच वार धरला तर फळ अर्धं अर्धं होतं." असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते दत्तगुरूच जाणोत. भाऊ मात्र इतक्या गंभीरपणे बोलले की कुंदाबाईंना ते खरंच वाटलं. नवरा जेवणारच नाही, तर त्याच्यासाठी थांबायचं कसं? आणि उपवास मोड म्हणायचं तर पाप.

भिकुबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच हातावर झेलत आणली आणि ताटात टाकली. भाकरीतून वाफ निघाली. झुलालने लाल रश्श्यावर कुरकुरीत शेव सोडली. "माय, बठ्ठं गरम शे," भिकुबाई म्हणाली. "लाजू नको, खाय."

कुंदाबाईंनी पहिला घास मोडला. बोट भाजलं, त्यांनी ते तोंडात घातलं. मग दुसरा घास, मग तिसरा. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, त्यांना कळलंच नाही. एक भाकरी संपली तशी त्यांनी स्वतःहून मान वर केली आणि म्हणाल्या, "अजून एक मिळीन का?" भाऊ समोर गार होत चाललेला चहा घेऊन बसले होते. शेवभाजीचा वास त्यांच्या नाकात जात होता, पोटात कावळे ओरडत असणार. पण इतकं तृप्त तोंड मी त्यांचं कुठल्याच हाटेलात पाहिलं नव्हतं.

"तिखट हाये," डोळे पुसत कुंदाबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने हळूच, "अशी गरम भाकरी लग्नाआधी खाल्ली होती. माह्या मायच्या हातची."

भाऊंनी तोंड फिरवलं आणि उगाचच माझं स्टेपनीचं चाक तपासायला आले.

तेव्हापासून भाऊंचा गुरुवार पक्का झाला. नाना खूश. "पोरगा देवधर्माला लागला!" त्यांना काय ठाऊक, देवळात जातो सांगून दुपारच्या सुट्टीत दोघं कुठे कुठे हिंडतात! कधी रुपचंदकडे, कधी वरण-बट्टीच्या खानावळीत, कधी आंब्याच्या दिवसांत खापरावरचे मांडे आणि आमरस. कुंदाबाई जेवायच्या, भाऊ बघायचे. लोक चेष्टा करायचे, जळगावचा खवय्या उपाशी बसतो म्हणून. पण तेव्हापासून भाऊंचा सल्लाही बदलला. कोणी विचारलं, कुठे जेवावं, तर ते सांगायचे, "अमक्याकडे जा. आमच्या मंडळींनी तिथे दोनदा भाजी मागून घेतली."

ते माझे खरे सुखाचे दिवस, मित्रांनो. पुढच्या सीटवर उपाशी माणूस, मागच्या सीटवर पोटभर जेवलेली बाई, आणि दोघं गप्पा मारताहेत. त्या गप्पांसाठी मी आजही तळमळते. माझ्या मागच्या सीटला अजून त्या चिमणीएवढ्या वजनाची आठवण येते.

शहाण्णव साली लीलाधर भाऊ गेले. दुकानातच छातीत कळ आली आणि संपलं. मला घरी आणलं ते दुसऱ्या कोणी. नानाही त्याच वर्षी गेले. मग अभिमनने मोटारसायकल घेतली आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली ढकललं. टायर बसले, सीट उंदरांनी कुरतडली, डिकीत कोंबडीने अंडी घातली. अभिमन दोनदा भंगारवाल्याला घेऊन आला. दोन्ही वेळा कुंदाबाई म्हणाल्या, "राहू दे तिले." पुसायला मात्र त्या आल्या नाहीत. आणि पुन्हा कधी बाहेर जेवल्या नाहीत. चूल विझल्यावर बसायच्या, कडक भाकरी पाण्यात बुडवून खायच्या. ज्या दारातून मी हे सगळं आधी बघितलं होतं, त्याच दारातून पुन्हा बघत होते. माझ्यात पेट्रोल असतं तर मी आपणहून सुरू झाले असते, शपथ!

भाऊंना जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा अभिमनचं लग्न झालं. सून आली सुनंदा. गुणी पोरगी. आल्या दिवसापासून सगळ्यांना वाढायची आणि शेवटी बसायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला, आपोआप येतं ते आपल्याकडे. कुंदाबाई बरेच दिवस नुसत्या बघत होत्या.

मग एक दिवस अभिमन कामावर गेला होता. सुनंदाने तवा ठेवला, तर कुंदाबाईंनी तिला हाताला धरून उठवलं आणि पाटावर बसवलं. स्वतः चुलीपुढे बसल्या. भाकरी थापली, भाजली, फुगवली आणि वाफेसकट सुनेच्या ताटात टाकली.

सुनंदा घाबरली. "आत्या, असं काय करता? तुमच्या आधी मी कशी जेवू?"

"मले नाही जेवायचं. माहा गुरुवार हाये."

सुनंदा गोंधळून म्हणाली, "पण आत्या, आज मंगळवार हाये ना!"

कुंदाबाई दाराबाहेर बघायला लागल्या. पत्र्याखाली, माझ्याकडे. किती वर्षांनी बघितलं त्यांनी! डोळे भरून आले होते, आणि त्या हसत होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तू खाय. गार होईन."

मित्रांनो, मला आता कोणी पुसलं नाही तरी चालेल. उद्या भंगारवाला आला तर मी कुरकुर न करता जाईन. फक्त एवढं करा. आज घरी जेवायला बसाल तेव्हा चुलीपाशी कोण उरलंय ते बघा. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी तिच्या ताटात घाला, तिला बसवा आणि ती खाईपर्यंत समोर उपाशी बसा. ती विचारेल, आज कोणता वार. तोंडाला येईल तो सांगा.